पोटातली कळ पाठीत गेली तर : स्वादुपिंडाच्या सुजेविषयी



सोलापुरातल्या कुठल्याही वस्तीत जा आणि विचारा, पोटात दुखायला लागलं की पहिलं काय करता? उत्तर ठरलेलं असतं, "पित्त झालं असेल." मग मेडिकलमधून पित्ताची गोळी येते, थंड दूध होतं, आणि फारच झालं तर गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, हेही खरं. पण एक कळ अशी असते की ती पित्ताची समजून घरी काढलेली एक रात्र फार महाग पडते. स्वादुपिंडाला अचानक सूज आल्यावर उठणारी ही कळ. डॉक्टर या आजाराला ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. साखर आणि रक्तदाबावर आपल्याकडे आता बरंच बोललं जातं. हे नाव मात्र अनेक घरांत पहिल्यांदा कानावर पडतं ते सिव्हिलच्या वॉर्डात, आपलंच माणूस खाटेवर असताना. ते त्याआधी कळावं, म्हणून हा लेख.

कळ कशी ओळखायची

ही कळ बेंबीच्या वर, पोटाच्या मध्यभागी किंवा जरा डावीकडे उठते. थोड्याच वेळात वाढत जाते आणि मग तासन्‌तास तशीच राहते. मुरडा येतो, जातो, परत येतो. ही तशी येत-जात नाही. अनेकांना ती पोटातून आरपार पाठीत गेल्यासारखी वाटते, कुणी म्हणतं कमरेला पट्टा आवळल्यासारखं होतं. माणसाला पाठीवर सरळ झोपवत नाही. पुढं वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलं की किंचित बरं वाटतं. सोबत उलट्या होतात. छातीत जळजळून उलटी झाली तर माणूस म्हणतो, "आता मोकळं वाटलं." इथे उलट्या होत राहतात आणि कळ मात्र जागची हलत नाही.

ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं. दम लागत असेल, लघवी कमी झाली असेल, हातपाय गार पडले असतील, डोळे पिवळे दिसत असतील, थंडी वाजून ताप आला असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. अशी कळ हृदयविकाराच्या झटक्यातही येते आणि जठराला भोक पडल्यावरही येते. नेमकं काय आहे हे घरात बसून ठरवता येत नाही, मोठमोठ्या डॉक्टरांनाही तपासणीशिवाय ते ठरवता येत नाही.

वस्तीत मात्र ठरवलं जातं. "बेंबी सरकली" म्हणून तेल लावून पोट चोळणारे हात अजून आहेत. कुणी "जेवणातून काहीतरी घातलंय" म्हणून लिंबू उतरवायला नेतात. दीक्षा घेतलेल्या घरांतही हे घडतं, लपवून काय उपयोग? २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण रात्री दोन वाजता पोरगा कळवळत असतो आणि शेजारची म्हातारी ठामपणे काहीतरी सांगत असते, तेव्हा कायद्याची आठवण कुणाला होत नाही. सुजलेल्या पोटावर चोळण्याने फायदा शून्य. नुकसान होतं ते वेळेचं.

'पित्त' या शब्दाचा घोळ

आपल्या भाषेत पित्त हा एकच शब्द तीन कामं करतो. छातीत जळजळलं तरी पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त उठलं. आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पाचकरस, तोही पित्तच. यकृताच्या खाली एक छोटी पिशवी असते, तिला पित्ताशय म्हणतात. तिथे हा रस साठतो आणि कधीकधी त्याचे खडे होतात. सोनोग्राफीनंतर डॉक्टर सांगतात, "पित्ताच्या पिशवीत खडे आहेत." बाई घरी येऊन सांगते, "डॉक्टरांनी पित्त सांगितलंय." घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि बाई वर्षभर जळजळीच्या गोळ्या खात राहते. खडे जिथल्या तिथे.

दुसरा घोळ 'खडा' या शब्दाचा. मूतखडा किडनीत होतो आणि लघवीच्या वाटेने पडू शकतो. पित्ताशयातला खडा लघवीतून पडूच शकत नाही, ती वाटच वेगळी. तरी "खडा आहे ना, बिअर पी, पडून जाईल" असा सल्ला नाक्यावर फुकट मिळतो. मूतखड्यालासुद्धा तो सल्ला चुकीचाच आहे. पित्ताचे खडे असलेल्या माणसाने तो ऐकला, तर एका कारणात दुसऱ्या कारणाची भर पडते. ती कशी, ते आता पाहू.

स्वादुपिंड काय करतं

जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून, साधारण वीतभर लांबीची एक ग्रंथी आडवी असते. ते स्वादुपिंड. कळ पाठीत का जाते याचं उत्तर या जागेतच आहे. वजन जेमतेम शंभर ग्रॅम. काम दुहेरी : रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्शुलिन बनवायचं, आणि अन्न पचवणारा रस आतड्यात सोडायचा. हा रस रोज लिटरभर किंवा त्याहून जास्त तयार होतो. मांस, तूप, भाकरी सगळं विरघळवणारी ताकद त्यात असते. मग तो स्वादुपिंडालाच का विरघळवत नाही? कारण तिथे तो निजलेल्या अवस्थेत असतो, आतड्यात पोचल्यावर जागा होतो. काही कारणाने तो आतच जागा झाला, की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. प्रागचे हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये हा विचार मांडला आणि आजही या आजाराचं मूळ तिथेच धरतात. आग आतच लागते. ती किती पसरेल, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरतं.

दगड आणि दारू

कारणं पुष्कळ आहेत, पण जगभरातले बहुतांश रुग्ण दोनच कारणांचे असतात : पित्ताशयातले खडे आणि दारू. आपल्याकडे ढोबळमानाने बायकांत खडे आणि पुरुषांत दारू.

खड्याचं आधी सांगतो. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात शिरताना बहुतेकांमध्ये एकाच तोंडाशी येतात. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे यूजीन ओपी या तरुण डॉक्टरने या आजाराने मेलेल्या एका रुग्णाचं शवविच्छेदन केलं, तेव्हा नेमक्या त्या तोंडाशी एक खडा अडकलेला सापडला. दोन घरांच्या सांडपाण्याला एकच तोंड असावं आणि तिथे दगड बसावा, तसा प्रकार. यात लहान खडे जास्त धोक्याचे. मोठा खडा पिशवीतून बाहेर पडतच नाही, बाजरीच्या दाण्याएवढा सहज घसरतो. म्हणून "अगदी बारीक आहेत, काही होत नाही" असं म्हणणाऱ्यावर विसंबू नये. चाळिशी ओलांडलेल्या, वजन जास्त असलेल्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांत खडे जास्त आढळतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही ते होतात. फार कडक उपास करून झटपट वजन उतरवलं तरी होतात.

आता दारू. हातभट्टी, देशी, शिंदी, बिअर, इंग्लिश, या आजाराच्या बाबतीत हा भेद नाही. "मी फक्त बिअर घेतो" हे वाक्य स्वादुपिंडाला समजत नाही. त्याला इजा करतो तो अल्कोहोल, आणि तो सगळ्यांतच असतो. सहसा रोज चार-पाच पेग, तेही काही वर्षं, असा इतिहास असतो. इतकं पिणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, थोड्यांनाच होतो. म्हणून "तो अमका वीस वर्षं पितोय, त्याला काय झालं?" हा युक्तिवाद चालतो. ते थोडे कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यात विडी-सिगारेटची भर पडली की धोका आणखी वाढतो. धूर हे या आजाराचं स्वतंत्र कारण आहे, नुसतं दारूचं शेपूट नाही. विड्यांवर ज्या शहरातली हजारो घरं चालली, तिथे हे लिहिताना जड जातं, पण लिहिलं पाहिजे.

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे बोट पिणाऱ्याकडे जातं आणि तिथेच थांबतं. ती गाळली जाते, विकली जाते, आणि गाळणाऱ्याच्या घरीही दुसरा धंदा नसतो. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेव्हाच्या अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने, 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी नुसत्या धाडी टाकून भट्ट्या फोडायच्या आणि महिन्याने पुन्हा यायचं, याऐवजी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या कामाकडे वळवायचा प्रयत्न झाला. आम्हाला हा मार्ग पटतो. कारण शोधून त्यावरच हात घालायचा, ही आपल्या धम्माचीच रीत आहे.

उरलेली कारणं थोडक्यात. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी हजाराच्या वर जाणं (हे साखर ताब्यात नसलेल्यांत होतं), रक्तात कॅल्शियम वाढणं, फिटवरचं व्हॅलप्रोएटसारखं एखादं औषध, गालगुंड, पिकावर मारायचं कीटकनाशक पोटात जाणं, सायकलचं हँडल पोटात घुसून मुलांना होणारी इजा. काश्मीरमध्ये पोटातले जंत नळीत शिरून हा आजार झालेले कितीतरी रुग्ण नोंदले गेले आहेत. ट्रिनिदाद बेटावर तर विंचू चावून होतो. आपल्या कोकणातला लाल विंचू वेगळा, तो घाव घालतो हृदयावर, आणि त्यावरच्या उपचारात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मोठं काम केलं आहे. काही रुग्णांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

दवाखान्यात काय होतं

निदानाचा नियम सोपा आहे. तीन गोष्टींपैकी दोन जुळल्या की निदान पक्कं. एक, वर सांगितलेली कळ. दोन, रक्तात लायपेज किंवा अमायलेज हे पाचकद्रव्य नेहमीच्या वरच्या मर्यादेपेक्षा तिप्पट किंवा जास्त. तीन, सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतं, लायपेज जास्त दिवस चढलेलं राहतं. म्हणजे चार दिवस घरी काढून गेलात तर अमायलेजचा रिपोर्ट नॉर्मल येऊन फसगत होऊ शकते. आणखी एक, लायपेजचा आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं. तीन हजारवाला पाच दिवसांत घरी जातो, सहाशेवाला आयसीयूत जातो. नातेवाईक रोज आकडा विचारतात. त्यापेक्षा श्वास, नाडी, लघवी आणि शुद्ध कशी आहे हे विचारावं.

सोनोग्राफी प्रत्येकाची झालीच पाहिजे, दारू पिणाऱ्याचीही. आतड्यातल्या वायूमुळे तिच्यात स्वादुपिंड अनेकदा नीट दिसत नाही, पण पित्ताशयातले खडे दिसतात, आणि कारण शोधायला तेच हवे असतात. सीटी स्कॅन पहिल्याच दिवशी केला नाही म्हणून वॉर्डात भांडू नका. ग्रंथीचा किती भाग मेला आहे हे पहिल्या दिवशी त्यातही नीट कळत नाही, तीन-चार दिवसांनी कळतं. निदानाबद्दल शंका असेल किंवा रुग्ण खालावत असेल, तर मात्र डॉक्टर आधीही करतात.

तपासणीपेक्षा महत्त्वाचा असतो डॉक्टरांचा एक प्रश्न : "दारू घेता का?" आणि इथे घराची अब्रू आडवी येते. बायको समोर, सासरे बाजूला, शिकाऊ डॉक्टर मुलीच्या वयाची. माणूस म्हणतो, "नाही." आई म्हणते, "माझा मुलगा तसला नाही." आम्हाला या ठिकाणी अगदी साधं सांगायचं आहे. पाचवं शील मोडलं असेल तर मोडलं. त्यापायी चौथंही मोडू नका, डॉक्टरांना खरं सांगा. कारण रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात अचानक तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, कुणाला फिट येते, कुणाला भिंतीवर किडे दिसतात, माणूस सलाईन उपटून पळायला बघतो. नातेवाइकांना वाटतं बाहेरचं काही लागलं. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर त्यावर औषध आणि व्हिटॅमिन बी-वन वेळेवर सुरू होतं. ठाऊक नसेल तर तो आजार मेंदूवर गेला की श्वासामुळे झाला, हे शोधण्यात वेळ जातो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. घरच्यांसमोर बोलवत नसेल तर डॉक्टरांना बाजूला बोलावून सांगा.

उलट बाजूही पाहा. बाईला खड्यांमुळे सूज आलेली असते आणि शेजारपाजारचे कुजबुजतात, "हा तर दारूचा आजार म्हणे." ज्याने कधी थेंबही घेतला नाही, त्यालाही हा आजार होतो. आजाराचं नाव ऐकून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नये.

उपचारात जादूचं इंजेक्शन नाही. सूज उतरवणारं खास औषध अजून निघालेलं नाही. शरीर स्वतः सावरतं, त्याला तोवर तग धरायला मदत करायची. ती मदत तीन गोष्टींची : शिरेतून पाणी, दुखणं थांबवणारी औषधं, आणि लवकर खाणं.

पाणी म्हणजे सलाईन, बहुधा रिंगर लॅक्टेट. आपल्याकडे "किती बाटल्या लावल्या?" यावर दवाखान्याची किंमत ठरते. जास्त बाटल्या म्हणजे जास्त उपचार, असा समज. २०२२ मध्ये भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिको या देशांतल्या १८ केंद्रांत २४९ रुग्णांवर याचीच परीक्षा झाली. एका गटाला भरमसाट, दुसऱ्याला बेताचं पाणी. भरमसाटवाल्या गटात शंभरातल्या वीस जणांच्या अंगात पाणी साचलं, बेताच्या गटात सहा जणांच्या. फायदा काही दिसला नाही आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तेव्हा डॉक्टरांनी बाटली हळू लावली तर ती हेळसांड नव्हे.

खाण्याचंही तसंच. पूर्वी या रुग्णाला आठ-आठ दिवस उपाशी ठेवत, "स्वादुपिंडाला विश्रांती" म्हणून. आता उलटी थांबली आणि भूक लागली की सौम्य आजारात पहिल्या-दुसऱ्या दिवशीच मऊ, कमी तेलाचं अन्न देतात. तोंडाने जमत नसेल तर नाकातून नळी घालून देतात. आतडं रिकामं राहिलं तर त्यातले जंतू बाहेर पडून सडलेल्या भागात शिरण्याची भीती असते. नळी बघून घरचे घाबरतात, "आता काही खरं नाही" म्हणतात. ती नळी त्याच्या जेवणाची आहे. अँटिबायोटिकही प्रत्येकाला लागत नाही, जंतुसंसर्ग झाला तरच लागतं.

शंभरातले सुमारे ऐंशी रुग्ण आठवडाभरात बरे होऊन घरी जातात. उरलेल्यांचा आजार वाढतो. किडनी, फुप्फुसं, रक्तदाब, यांतलं काही कोलमडतं आणि दोन दिवसांनंतरही सावरलं नाही तर तो गंभीर प्रकार, त्यात मृत्यूचं प्रमाण बरंच आहे. अशा वेळी आयसीयू लागतो. ग्रंथीचा मेलेला भाग सडला तर तो काढावा लागतो, पण लगेच नाही. साधारण चार आठवडे थांबून, त्याभोवती वेष्टण तयार झाल्यावर, आधी नळी घालून पू काढतात आणि गरज पडली तरच पुढे जातात. पहिल्या आठवड्यात पोट उघडलं तर रुग्ण जास्त दगावतात, हे जगाला बऱ्याच जिवांच्या मोलाने कळलं आहे. म्हणून "ऑपरेशन का करत नाही?" असा तगादा लावण्याआधी डॉक्टर कशाची वाट पाहत आहेत ते विचारून घ्या. खडा नळीत अडकून कावीळ आणि थंडी-ताप असेल तर मात्र घाई असते. तोंडातून दुर्बीण घालून तो एका दिवसात काढावा लागतो.

दुसरा झटका येऊ नये म्हणून

खरी लढाई पहिल्या झटक्यानंतर सुरू होते. कळ गेली, भूक लागली, की माणसाला वाटतं सुटलो. रोजावर जाणाऱ्या घरात आठ दिवसांची मजुरी बुडालेली असते, लूमवरचा शेट दुसरा माणूस बघतो म्हणतो. डॉक्टर म्हणतात, "पिशवीचं ऑपरेशन याच वेळी करून घेऊ." घरचे म्हणतात, "आता बरं आहे ना, दिवाळीनंतर बघू."

याचं उत्तर नेदरलँड्समधल्या २३ रुग्णालयांनी २०१५ मध्ये दिलं. खड्यांमुळे सौम्य सूज आलेले २६६ रुग्ण. अर्ध्यांचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं, अर्ध्यांना घरी पाठवून महिन्याभराने बोलावलं. घरी गेलेल्यांपैकी शंभरातले सतरा सहा महिन्यांच्या आत खड्यांच्याच त्रासाने पुन्हा भरती झाले, लगेच ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण पाच. तेव्हा खड्यांमुळे झालेला सौम्य झटका असेल, तर घरी सोडण्याआधी डॉक्टरांना तुम्हीच विचारा, "पिशवी आत्ताच काढता येईल का?" आजार गंभीर झाला असेल तर सूज आणि साचलेलं पाणी ओसरेपर्यंत, सहसा सहाएक आठवडे, थांबावं लागतं. तेव्हाही तारीख लिहूनच घरी या.

पिशवी काढली की पचन बंद पडतं, ही अफवा आहे. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी फक्त साठवते. ती नसली तर पित्त सरळ आतड्यात येतं. उलट, ज्यांच्या पोटात खडे आहेत पण कधीच त्रास झालेला नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशनची गरज नसते. लिंबाचा रस आणि तेल पिऊन "खडे पडले" म्हणून दाखवतात ते हिरवे गोळे तेलाचाच साबण झालेले असतात.

दारूच्या रुग्णाला ऑपरेशन नाही. त्याचा उपचार म्हणजे दारू बंद. कमी करणं नव्हे, बंद. पिणं चालू राहिलं तर झटके येत राहतात, आणि काही वर्षांत ग्रंथी कायमची निकामी होते. आपल्या पंचशीलात आणि बावीस प्रतिज्ञांत दारूबंदी आहे. दर वर्षावासात विहारात ती सांगितलीही जाते. पण प्रवचन ऐकून सवय सुटली असती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. व्यसन हा आजार आहे आणि त्याला औषध, समुपदेशन आणि सोबत लागते. फिनलंडमधल्या एका अभ्यासात दारूमुळे झटका आलेल्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी बोलावून नुसतं बोललं गेलं, तर एकदाच समज दिलेल्यांपेक्षा त्यांच्यात झटके कमी आले. म्हणजे पुन्हापुन्हा विचारपूस करणं हेही औषधच. हे काम विहारातली महिला मंडळं करू शकतात, आणि चेष्टा न करता केलं तर पिणारेही ऐकतात. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात विचारा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन त्याची सेवा केली, ही कथा आपण मुलांना सांगतो. भिक्खू आजारी कसा पडला, याची चौकशी त्या कथेत नाही.

खर्चाचं

सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. सर्जन, आयसीयू आणि सीटी एकाच आवारात मिळणं या आजारात फार मोलाचं असतं. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात, गर्दी असते, तेव्हा रुग्णाजवळ एक जाणता माणूस थांबवावा.

खासगीत जायची वेळ आली तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं पाहा. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, म्हणजे आपल्याकडे ती जुनी आहे. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, भरती होतानाच आरोग्यमित्राचा टेबल गाठा आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारा : हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि या आजाराचा कोणता उपचार बसतो. ॲडव्हान्स भरून झाल्यावर विचारलं तर भांडण होतं. हेल्पलाइन १५५३८८. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढलेलं नाही, हे बहुतेक घरांना नेमकं त्याच रात्री कळतं. ते काम आजच करून ठेवा.

घरी आल्यावर

पहिले काही आठवडे तेल-तूप कमी, आणि एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं चार-पाच वेळा. मऊ भात, मुगाचं वरण, पातळ ताक, मऊ भाकरी, उकडलेल्या भाज्या, अंड्याचा पांढरा भाग. सोलापूरच्या माणसाला सांगणं कठीण, पण शेंगांची चटणी काही दिवस दूर ठेवा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. चरबीचं मटण, वजडी, भजी तशीच. ज्यांना ट्रायग्लिसराइडमुळे झटका आला त्यांना हे पथ्य कायमचं आहे आणि औषधही. विडी-सिगारेट सगळ्यांनाच बंद.

सूज उतरली तरी इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना धक्का बसलेला असू शकतो. त्यामुळे आधी साखर नसलेल्यांनाही पुढे मधुमेह होतो. तीन महिन्यांनी एकदा आणि नंतर दरवर्षी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासा. शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल आणि वजन उतरत असेल, तर पाचकरस कमी पडतोय. त्यासाठी जेवणासोबत घ्यायच्या गोळ्या मिळतात. पोटात गोळा हाताला लागला, जेवल्यावर लगेच पोट भरल्यासारखं वाटून उलट्या होऊ लागल्या किंवा ताप आला, तर स्वादुपिंडाजवळ पाणी साचलं असू शकतं. तेव्हा जुने सगळे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन पुन्हा सिव्हिल गाठा.